सुंदर चित्रे आणि वगळलेली चित्रे

शाळेच्या स्नेहसंमेलनात हस्तकलेच्या दालनाशेजारी आता बऱ्याच ठिकाणी छायाचित्रांचेही दालन असते. मोबाइलमुळे कॅमेरा घरोघरी पोचला आणि हौशी छायाचित्रकारांची संख्या एकदम वाढली. या दालनात काय असते ते आपल्याला पाठ झाले आहे. फुलावर बसलेले फुलपाखरू, कोळ्याच्या जाळ्यावरचे दवबिंदू, तारेवरचा खंड्या, मावळता सूर्य आणि आजीच्या मांडीवरचे हसरे बाळ. परीक्षक येतात, ‘रंगसंगती छान’, ‘चित्र स्पष्ट’ असे शेरे देतात आणि क्रमांक लावून जातात.

या शेऱ्यांबद्दल तक्रार नाही. सौंदर्य पाहता येणे हीही शिकण्याचीच गोष्ट आहे. परंतु विज्ञानाच्या शिक्षकाने त्याच चित्रासमोर उभे राहून आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हे एक चित्र भिंतीवर लावण्यासाठी किती चित्रे टाकून दिली आणि ती का टाकली?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण छायाचित्राकडे आपण पुरावा म्हणून पाहतो. ‘फोटोच आहे, म्हणजे तसे असणारच’ असे आपण सहज म्हणून जातो. आता पुरावा निवडून मांडला, तर त्यातील प्रत्येक वस्तू खरी असूनही एकूण निष्कर्ष चुकू शकतो. वर्गातील चाळीस मुलांपैकी फक्त पाच उंच मुलांची मापे फळ्यावर लिहिली, तर एकही आकडा खोटा नसतो. तरीही वर्गाची सरासरी उंची चुकतेच. छायाचित्रांचेही असेच आहे. हे कसे घडते ते पाहण्यासाठी हौशी छायाचित्रणातील काही गाजलेली कामे तपासून पाहू.

पहिले काम अमेरिकेतील व्हरमाँट राज्याच्या जेरिको गावातील एका शेतकऱ्याचे. विल्सन बेंटली हा १८६५ मध्ये जन्मला. त्याची आई पूर्वी शाळेत शिकवीत असे. पंधराव्या वर्षी आईने त्याला सूक्ष्मदर्शक दिला आणि त्याखाली त्याने हिमकण पाहिला. पाहिलेले चित्र हाताने काढू लागला, पण रेखाटन पुरे होण्याआधीच कण वितळून जाई. तेव्हा त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडला. बऱ्याच खटपटीनंतर १५ जानेवारी १८८५ रोजी त्याला एका हिमस्फटिकाचे छायाचित्र मिळाले. त्यानंतर १९३१ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस हिवाळे, त्याने हेच काम केले. पाच हजारांहून अधिक हिमस्फटिकांची छायाचित्रे त्याने घेतली. तो कोणत्याही विद्यापीठात शिकलेला नव्हता आणि पोटाचा उद्योग शेवटपर्यंत शेतीचाच होता.

त्याची पद्धत साधी पण विलक्षण चिकाटीची होती. काळ्या रंगाच्या फळीवर पडणारा हिम झेलायचा. भिंगातून पाहून त्यातला एक कण बारीक काडीने उचलायचा, काचपट्टीवर ठेवायचा आणि पिसाने हलकेच चपटा करायचा. उच्छ्वासाच्या उबेनेही कण वितळतो, म्हणून श्वास रोखून धरायचा. हे सारे थंडगार खोपटात, चूल न पेटवता चालायचे. निवृत्त होता होता छंद जोपासणाऱ्यांनीही हेवा करावा अशी ही निष्ठा आहे. त्याच्या मृत्यूच्या थोडे आधी, १९३१ मध्ये, ‘स्नो क्रिस्टल्स’ हे पुस्तक निघाले. अमेरिकेच्या हवामान खात्यातील डब्ल्यू. जे. हम्फ्रीज याने त्यातला मजकूर लिहिला आणि २,४०० हून अधिक चित्रे त्यात छापली गेली. हिमकण म्हटला की सहा पाकळ्यांची रेखीव नक्षी आपल्या डोळ्यांसमोर येते. बर्फ कधीही न पाहिलेल्या आपल्या मुलांच्याही डोळ्यांसमोर ती येते, ती बऱ्याच अंशी या माणसामुळे.

आता या कामाची चिकित्सा करू. बर्लिनमध्ये गुस्टाव हेलमान नावाचा हवामानशास्त्रज्ञ होता. नॉयहाउस या छायाचित्रकाराकडून हिमस्फटिकांची छायाचित्रे काढवून घेऊन त्याने १८९३ मध्ये पुस्तक काढले होते. त्या चित्रांतले स्फटिक बेंटलीच्या स्फटिकांइतके रेखीव नव्हते. एखादी पाकळी आखूड, एखादी तुटकी, एखादी बाजू वाढलेली. हेलमानने बेंटलीवर आरोप केला की, हा माणूस चित्रांच्या कडा कोरतो.

आरोप अर्धा खरा होता. बर्फ पारदर्शक असतो. मागून प्रकाश टाकून चित्र घेतले की पार्श्वभूमीही उजळ येते आणि स्फटिक नीट उठून दिसत नाही. म्हणून बेंटली मूळ निगेटिव्हची दुसरी प्रत करी आणि त्या प्रतीवर स्फटिकाच्या कडेकडेने बारीक चाकूने लेप खरवडून काढी. छापताना तेवढा भाग काळा येई आणि पांढरा स्फटिक झळकू लागे. हे तो लपवीत नसे. मूळ निगेटिव्ह तो जपून ठेवी, त्यामुळे शंका आलीच तर ताडून पाहता येई. तेव्हा कडा कोरण्याचा दोष त्याच्यावर फारसा ठेवता येत नाही.

खरा दोष हेलमानने बोट ठेवले त्याच्या जरा पलीकडे आहे. बेंटली काळ्या फळीवरून कण उचलताना रेखीव कण निवडी. वेडेवाकडे, तुटके, एकमेकांना चिकटलेले कण पिसाच्या एका फटकाऱ्याने बाजूला जात. प्रत्यक्षात आकाशातून पडणाऱ्या हिमात अशा अनियमित कणांचेच प्रमाण मोठे असते. म्हणजे बेंटलीच्या पुस्तकातील प्रत्येक स्फटिक खरा आहे, पण पुस्तक चाळून ‘हिम असा असतो’ असे कोणी म्हटले तर ते खरे नाही. चाळीसपैकी पाच उंच मुलांचा जो हिशेब, तोच इथे लागू पडतो.

वेडावाकडा कण टाकल्याने नेमके काय गमावले? स्फटिक षट्‌कोनी होतो याचे कारण बर्फात पाण्याचे रेणू षट्‌कोनी जाळीत रचले जातात. पण त्याचा पुढचा आकार तो ढगातून खाली येताना कोणत्या तापमानातून आणि किती बाष्पातून गेला यावर ठरतो. उणे २ अंश सेल्सियसच्या आसपास पातळ चकत्या होतात, उणे ५ च्या आसपास सुया आणि लांबट स्तंभ, तर उणे १५ च्या आसपास नेच्याच्या पानांसारखे फाटे फुटलेले तारे. सहाही फाटे एकाच वेळी एकाच हवेतून जातात, म्हणून ते सारखे वाढतात. एखादा फाटा खुंटला असेल, तर वाटेत काहीतरी घडलेले असते. दुसरा कण आदळला असेल, अतिशीत थेंब चिकटला असेल, किंवा एका बाजूला बाष्प अधिक मिळाले असेल. वेड्यावाकड्या कणात त्याच्या प्रवासाचा इतिहास असतो. बेंटलीने टाकून दिला तो हा इतिहास.

जपानमध्ये होक्काइदो येथे उकिचिरो नाकाया या भौतिकशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात हेच काम हाती घेतले, तेव्हा त्याने अनियमित कणांचीही छायाचित्रे घेतली आणि सर्वांचे वर्गीकरण केले. पुढे १९३६ मध्ये त्याने प्रयोगशाळेत सशाच्या केसाच्या टोकावर कृत्रिम हिमस्फटिक वाढवून दाखवला. कोणत्या हवेत कोणता आकार होतो हे त्यामुळे पडताळता आले. बेंटलीच्या पुस्तकाची पाने उलटली तर चित्रांमागून चित्रे येतात, पण कोणते चित्र किती तापमानाला घेतले हे चित्राशेजारी लिहिलेले नाही. बेंटली हवामानाच्या नोंदी ठेवीत असे आणि वादळाच्या कोणत्या भागात कोणते कण मिळतात यावर त्याने लेखही लिहिले होते. पुस्तकात मात्र चित्र आणि नोंद यांची ताटातूट झाली. माझ्या मते निवडीपेक्षाही हा तोटा मोठा आहे. सोबत नोंद असती, तर पुढच्या अभ्यासकाला निवडीचा दोष निदान अंशतः दुरुस्त करता आला असता.

निर्जीव हिमाकडून आता वन्य प्राण्यांकडे वळू, कारण हौशी कॅमेऱ्यांचा सर्वांत मोठा मोर्चा तिकडेच असतो. येथे निवडीच्या जोडीला आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे मांडणी. २००९ मध्ये वन्यजीव छायाचित्रणाच्या एका जगप्रसिद्ध ब्रिटिश स्पर्धेत स्पेनमधील एका छायाचित्राला पहिले पारितोषिक मिळाले. रात्रीच्या अंधारात एक लांडगा फाटकावरून उडी घेतो आहे, असे ते चित्र होते. गोष्टीतला लांडगाच जणू. पुढे तो लांडगा पाळलेला, माणसाळलेला असावा अशी शंका घेतली गेली. परीक्षकांनी तपास केला आणि जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेतले. छायाचित्रकाराने आरोप मान्य केला नाही. त्या वादात निघालेला एक साधा प्रश्न मात्र मुलांना जरूर विचारावा. जंगली लांडग्याला फाटकाच्या फटींतून जाता येत असेल, तर तो उडी का मारील? प्राण्याचे वर्तन ठाऊक असलेला माणूस चित्राच्या सौंदर्याने लगेच भुलत नाही.

याउलट उदाहरण आपल्याच देशातले आहे. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन हा तेव्हाच्या संयुक्त प्रांतातील वनाधिकारी. छायाचित्रण हा त्याचा छंद. जंगलातल्या वाटेवर तो तार ताणून ठेवी. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाशझोत उजळे आणि छायाचित्र निघे. त्याचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुस्तकात अर्थातच त्यानेही निवडक चित्रे छापली. पण चित्र काढतेवेळी निवड त्याच्या हाती फारशी नव्हती. वाघ कधी येईल, कसा येईल, की वाघाऐवजी साळिंदरच येईल, हे तार ठरवीत असे. त्यामुळे त्याच्या चित्रांतले प्राणी कोणासाठी उभे राहिलेले वाटत नाहीत. ते आपल्या कामाने चाललेले असतात.

वाघाच्या अंगावरचे पट्टे प्रत्येकाचे निराळे असतात. हा गुण आणि आपोआप निघणारे छायाचित्र यांची सांगड घालून उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कर्नाटकातील नागरहोळे येथे वाघांच्या संख्येचा अंदाज करण्याची पद्धत वापरली. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. हीच पद्धत पुढे देशभर पसरली. २०१८–१९ च्या राष्ट्रीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघाची किती होती? फक्त ७६,६५१. म्हणजे हजारात दोन-तीन. उरलेली इतर प्राण्यांची, माणसांची, गुरांची, हलणाऱ्या गवताची. स्पर्धेच्या दृष्टीने ही कोट्यवधी चित्रे फसलेली. पण कॅमेरा इतके दिवस येथे होता आणि वाघ दिसला नाही, ही नोंदसुद्धा गणनेत लागते. तिच्याशिवाय ‘दिसला’ या नोंदीला अर्थ येत नाही.

सुंदर चित्राच्या हव्यासाची किंमत प्राण्यांनाही मोजावी लागते. पक्ष्याच्या घरट्याचे चित्र स्पष्ट यावे म्हणून आडव्या येणाऱ्या डहाळ्या तोडल्या किंवा बाजूला बांधल्या, तर पिल्लांवर ऊन येते आणि कावळ्यांना घरटे दिसू लागते. चित्रात आई पिल्लाला भरवताना दिसते. चित्रानंतर काय झाले ते दिसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणे धरलेले आहे, हे मुलांना सांगण्याजोगे आहे. माझे मत विचाराल तर शालेय प्रदर्शनात घरट्याची जवळून काढलेली चित्रे स्वीकारूच नयेत. पक्षी घरट्यापासून दूर, आपल्या उद्योगात असताना काढलेले जरा अस्पष्ट चित्र अधिक गुणांचे मानावे.

निसर्गाची चित्रे झाली, घरातल्यांचे काय? येथे फ्रान्समधील जाक आंरी लार्तिग याचे काम पाहण्यासारखे आहे. तो १८९४ मध्ये एका सधन घरात जन्मला. वडिलांनी लहानपणीच कॅमेरा हाती दिला आणि तो घरच्यांचे खेळ, उड्या, पळापळ टिपू लागला. पायऱ्यांवरून झेपावलेल्या चुलत बहिणीचे त्याचे १९०५ मधील चित्र प्रसिद्ध आहे. तेव्हा तो अकरा वर्षांच्या आतबाहेर होता. त्या काळी घरची चित्रे म्हणजे नवे कपडे घालून, श्वास रोखून, ताठ बसलेली माणसे. लार्तिगची माणसे हवेत आहेत. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्याचे प्रदर्शन भरले तेव्हा तो एकोणसत्तर वर्षांचा होता, आणि तोवर छायाचित्रकार म्हणून त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते.

त्याचे सर्वांत गाजलेले चित्र शर्यतीतल्या मोटारीचे आहे. नेहमीच्या कसोट्यांनी ते फसलेले चित्र आहे. मोटारीचा पुढचा भाग चौकटीबाहेर गेला आहे, मागचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले आहे आणि कडेचे प्रेक्षक व खांब मागे कलले आहेत. असे का झाले? त्या कॅमेऱ्यात पडद्यातली एक अरुंद फट काचेवरून सरकत असे. त्यामुळे दृश्याचा खालचा भाग आधी टिपला गेला आणि वरचा किंचित नंतर. तेवढ्या वेळात मोटार पुढे सरकली, म्हणून चाकाचा वरचा भाग पुढे दिसतो. लार्तिगने कॅमेराही मोटारीच्या दिशेने फिरवला होता, पण तिच्याइतक्या वेगाने नाही. म्हणून स्थिर माणसे उलट दिशेला कलली. वेग नावाची गोष्ट एका स्थिर चित्रात उतरली, ती कॅमेऱ्याच्या या उणिवेमुळे.

हा प्रयोग वर्गात करता येतो. बहुतेक मोबाइलचा संवेदक चित्र एका क्षणात न घेता ओळीमागून ओळ वाचतो. फिरत्या पंख्याचे चित्रण करा, पाती वाकडी दिसतील. धावत्या एसटीच्या खिडकीतून जवळचे खांब टिपा, ते कललेले दिसतील. मुले असे चित्र पाहताच पुसून टाकतात. ते पुसू न देता ‘खांब कोणत्या बाजूला कलला आणि का?’ असे विचारावे. एका फसलेल्या चित्रात सापेक्ष वेगाचा धडा मिळतो.

लार्तिगच्या कामावरही आक्षेप घेता येतो, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या घरालाही लागू पडतो. त्याच्या अल्बमांत सुखी, श्रीमंत, हसरे जग आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तो विशीत होता, पण त्या होरपळीची छाया तेथे फारशी पडलेली नाही. आपले अल्बम उघडून पाहा. बारसे, मुंज, लग्न, सहल. छत्तीस चित्रांचा रोल असे तेव्हा काटकसरीने तेवढेच टिपले जाई. त्यामुळे आजी जात्यावर कशी बसे, चुलीपुढे धूर कुठून बाहेर जाई, विहिरीचे पाणी उन्हाळ्यात कोणत्या पायरीला येई, याचे चित्र बहुतेक घरांत नाही. आज रोलची काटकसर उरलेली नाही. तरीही हसरे चित्र ठेवून बाकीची पुसण्याची सवय तीच आहे.

मग शाळेने काय करावे? महागडी साधने लागत नाहीत. प्रदर्शनातील प्रत्येक चित्राखाली एक चिठ्ठी सक्तीची करावी. तारीख, वेळ, ठिकाण, चित्र किती अंतरावरून घेतले, प्राण्याला हलवले किंवा काही बाजूला केले का, संगणकावर चित्रात काय बदल केला आणि एकूण किती चित्रांतून हे निवडले. एवढे सात प्रश्न पुरेत. जगभरातले हौशी निरीक्षक आपली चित्रे आय-नॅचरलिस्टसारख्या सामायिक नोंदवहीत देतात. तेथेही तारीख आणि ठिकाण नसेल, तर कितीही देखणे चित्र संशोधनाच्या दर्जाचे मानले जात नाही.

दुसरे, एक भिंत फसलेल्या चित्रांसाठी राखून ठेवावी. ज्याच्या फसलेल्या चित्रातून सर्वांत चांगला प्रश्न निघेल, त्यालाही बक्षीस द्यावे. तिसरे, एका तुकडीने शाळेच्या आवारातल्या एकाच झाडाचे दर शनिवारी, त्याच जागेवरून, त्याच वेळी चित्र घ्यावे. त्यात एकही चित्र चुकवायचे नाही आणि एकही पुसायचे नाही. बावन्न चित्रांपैकी बरीचशी कंटाळवाणी असतील. पण पानगळ केव्हा सुरू झाली, पालवी कोणत्या फांदीला आधी फुटली, मोहोर किती दिवस टिकला, याची उत्तरे त्याच चित्रांतून मिळतील. दुसऱ्या वर्षीच्या तुकडीला ताडून पाहायला आधीच्या वर्षाचा संच तयार असेल.

व्यावसायिक छायाचित्रकाराला गिऱ्हाईक सांभाळावे लागते. कॅलेंडरवाल्याला हवे तेच चित्र त्याला द्यावे लागते. हौशी माणसावर असे बंधन नसते. बेंटलीला सत्तेचाळीस हिवाळे एकच विषय धरून ठेवता आला, चॅम्पियनला तार लावून वाट पाहता आली आणि लार्तिगला चाक वाकडे आलेले चित्र जपून ठेवता आले, ते या मोकळिकीमुळेच. आपले विद्यार्थीही हौशीच आहेत. त्यांनी कॅलेंडरची नक्कल करावी असा आग्रह आपण धरू नये. चित्र कसेही येवो, त्यामागची नोंद खरी आणि पुरी असावी एवढाच आग्रह धरावा.